पुलाचं पोट बघायचं असतं: ड्रोनने पूल तपासायची रीत

पाहणी झाली म्हणून एक पेनड्राइव्ह हातात येतो. आत चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. सकाळचं धुकं, नदीचं वळण, वरून दिसणारा पूल, त्यावरून सरकणारा उसाचा ट्रॅक्टर, मागे बासरी. बघायला झकास. फक्त त्यात एकही बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो तो आधार) नाही, एकाही गर्डरची (स्लॅब पेलणाऱ्या तुळईची) खालची बाजू नाही, आणि जिथे पोपडे दिसतात तो खांब दुसरा की चौथा, हे उडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पूल वरून क्वचितच खराब दिसतो. जे काही बिघडतं ते बहुतेक खाली, स्लॅबच्या पोटाला, खांबाच्या डोक्यावर आणि पाण्याच्या कडेला.

ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की सगळा क्रमच एकदा लिहून काढतो. समोर एक ठरावीक पूल धरू: आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) टी-गर्डरचा, पाच गाळ्यांचा (दोन आधारांमधला भाग म्हणजे गाळा), प्रत्येक गाळ्यात तीन गर्डर, पन्नासेक वर्षं जुना, खाली मे महिन्यात गुडघाभर पाणी. असे पूल राज्यात कुठेही सापडतील. कमानीचा दगडी पूल किंवा बॉक्स गर्डर असेल तर तपशील बदलतील, क्रम तोच.

१. काय बघायचं ते कागदावर उतरवा

ड्रोन पेटीतून काढायच्या आधी पुलाच्या भागांची यादी करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) एसपी ३५ या मार्गदर्शिकेत पाहणीचा नमुना तयार मिळतो, तो घ्या आणि आपल्या पुलाला लागू नसलेलं खोडा. आपल्या उदाहरणातल्या पुलाला दोन अबटमेंट (काठावरचे, टोकाचे आधार), चार खांब, पंधरा गर्डर, पाच स्लॅब, तीस बेअरिंग, सहा जॉइंट (रस्त्यातले फटीचे सांधे). म्हणजे तीस बेअरिंगच्या तीस ओळी.

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: "पाहिलं, ठीक", "पाहिलं, दोष आहे", "दिसलं नाही". तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच नेहमी गायब असतो. मधल्या गर्डरचं बेअरिंग ड्रोनला दिसलंच नाही, अहवालात त्याबद्दल शब्द नाही, आणि वाचणारा साहेब समजतो की ते ठीक आहे. पुढची सगळी कामं या तिसऱ्या रकान्यातल्या खुणा कमी करण्यासाठीच आहेत.

ड्रोनला काय जमणार नाही तेही आत्ताच लिहून ठेवा. काँक्रीट आतून सुटलंय का हे हातोडीने ठोकून, पोकळ आवाज ऐकून कळतं. ड्रोनला हात नाही. पाण्याखालचा पाया त्याला दिसत नाही. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. पूर आलेल्या नदीत पायाशी काय चाललंय हे कुठलाही कॅमेरा वरून सांगू शकत नाही. त्यासाठी पाणबुडे लागतात, खोली मोजावी लागते.

२. परवानग्या आणि आकाश

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वजनावरून वर्ग ठरतो: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. पुलांच्या कामाला लागणारे बहुतेक ड्रोन मायक्रो किंवा स्मॉलमध्ये येतात. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. पैसे घेऊन काम करणार असाल तर मायक्रोलाही रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं; "दोन किलोच्या आतला आहे, काही लागत नाही" हे फक्त हौसेच्या उडवण्यापुरतं खरं आहे. नॅनो सोडून सगळ्यांना तृतीय पक्ष विमा.

मग डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि पुलावर बोट ठेवा. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी, लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच. पुण्यात लोहगावचा हवाई तळ आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, नाशिकजवळ देवळाली आणि ओझर ही संरक्षण दलांची ठिकाणं. अशा भागात "मागच्या वर्षी तर उडवला होता" हा युक्तिवाद चालत नाही. नकाशा ज्या दिवशी उडवायचं त्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

नकाशा हिरवा असला तरी पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश वेगळे असतात. मुंबईत ते वारंवार निघतात, इतरत्र सण, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे असले की निघतात. पुलाखालून रेल्वे जात असेल तर तारेत २५,००० व्होल्ट असतात. रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय आणि त्यांच्या माणसाशिवाय तिथे जाऊच नका.

आणि गावात सांगा. पोलीस ठाण्यात पत्र द्या, सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना फोन करा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात रात्रीच्या ड्रोनमुळे गावोगाव घबराट पसरली होती, लोक पहारे देत होते. तेव्हापासून वर घरघर ऐकू आली की लोक काठी घेऊनच येतात, आणि त्यांचं फारसं चुकतं असंही नाही.

तपासा: पूल ज्या खात्याचा आहे त्याचं पत्र, नोंदणी, पायलटचं प्रमाणपत्र, विमा, पोलिसांची पोच. पाचही कागद छापील, एका प्लास्टिकच्या पिशवीत, पायलटच्या खिशात. फोनमध्ये ठेवलेला कागद रेंज नसलेल्या नदीपात्रात कुणाला दाखवणार?

३. पूल आधी पायी बघा, नंबर टाका

ही पायरी गाळणाऱ्यांचे फोटो शेवटी कचऱ्यात जातात.

आदल्या दिवशी शाखा अभियंत्याला बरोबर घेऊन पूल चाला. वरून, मग दोन्ही काठांवरून, मग पात्रात उतरून. रस्त्याची साखळी (किलोमीटरचे आकडे) ज्या दिशेने वाढते त्या दिशेला तोंड करून उभे राहा: पाठीमागचा अबटमेंट अ१, मग खांब ख१ ते ख४, पुढचा अबटमेंट अ२. गाळे ग१ ते ग५. डावी-उजवी याच तोंडाने ठरते. गर्डर डावीकडून १, २, ३. हे एकदा ठरलं की कुणीही मनाने बदलायचं नाही. "नदीच्या वरच्या अंगाला" असं बोलायला सोपं पडतं, पण कागदावर डावं-उजवंच ठेवा, नाहीतर एका माणसाची डावी बाजू दुसऱ्याची उजवी होते.

मग खडूने किंवा चुन्याने प्रत्येक खांबावर, हात पोचेल तिथे, दोन्ही बाजूंना नंबर लिहा. अक्षर वीतभर उंच. हे पोरकट वाटतं, पण फोटोच्या कोपऱ्यात "ख३" दिसलं की पुढचे दोन दिवस वाचतात. फोटोवर जीपीएसचा ठिकाणा असतोच की, असं कुणी म्हणेल. पुलाखाली उपग्रहांचे सिग्नल अडतात आणि ठिकाणा भरकटतो. एकदा आमच्या तिसऱ्या गाळ्याचे सगळे फोटो नकाशावर शेजारच्या केळीच्या बागेत पडले होते.

चालताना आणखी चार गोष्टी शोधा:

- मधमाशा. जुन्या पुलांच्या पोटाला आग्या मोहोळ हमखास. दुर्बिणीने प्रत्येक गाळा बघा. मोहोळ सापडलं तर तो गाळा ड्रोनसाठी बंद. "लांबून उडवतो" नाही. पंख्याच्या आवाजाने उठलेल्या माशा ड्रोनला काही करत नाहीत, खाली कपडे धुणाऱ्या बायका आणि वरून जाणारा दुचाकीवाला त्यांच्या तावडीत सापडतो. रकाना: "दिसलं नाही, कारण मोहोळ".
- तारा. वीज, केबल, टेलिफोन, पुलाला लटकावलेली पाण्याची पाइप आणि तिला बांधलेली काथ्याची दोरी. ड्रोनचे सेन्सर बारीक तार ओळखत नाहीत. संक्रांतीच्या आगेमागे मांजाही धरा.
- पक्षी. घारींचं घरटं जवळ असेल तर ती ड्रोनवर येते. पाकोळ्यांची घरटी स्लॅबला असतील तर पिलांच्या दिवसांत तो भाग दुरूनच टिपा.
- उतरायची जागा. पुलावरून उडवू नका. काँक्रीटमधल्या सळयांनी होकायंत्र बिघडतं, आणि बिघडलेलं होकायंत्र घेऊन ड्रोन हवेत गोल फिरायला लागतो. काठावर, मोकळ्या मातीवर, गाडीपासून दूर, एक लाकडी फळी किंवा चटई टाका.

४. किती जवळ जायचं याचं गणित

"कॅमेरा वीस मेगापिक्सेलचा आहे, भेगा दिसतील ना?" या प्रश्नाला उत्तर एकच: किती अंतरावरून? आरसीसीत सर्वसाधारण वातावरणात ०.३ मिमीपर्यंतची भेग चालते असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक धरतं. ओल आणि खाडीच्या हवेत मर्यादा त्याहून कडक. म्हणजे निदान ०.३ मिमी ओळखता यायला हवी.

फोटोतला एक पिक्सेल काँक्रीटवर केवढा पडतो याचं सूत्र सोपं आहे. (सेन्सरची रुंदी गुणिले अंतर) भागिले (भिंगाची नाभीय लांबी गुणिले आडवे पिक्सेल). सगळी मापं मिलिमीटरमध्ये. एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ मिमी रुंद, भिंग ८.८ मिमी, आडवे पिक्सेल ५,४७२. पाच मीटरवरून एक पिक्सेल काँक्रीटवरच्या जवळजवळ १.४ मिमीएवढा. दहा मीटरवरून २.७ मिमी. अशा फोटोत पोपडे, उघड्या सळया, ओलीचे डाग उत्तम दिसतात, ०.३ मिमीची भेग नाही. ती हवी तर झूम भिंग लागतं. ६.४ मिमी रुंदीचा सेन्सर, ३० मिमी भिंग आणि ४,००० पिक्सेल घेतले तर पाच मीटरवरून पिक्सेल ०.२७ मिमीवर येतो.

गणितावर न थांबता प्रत्यक्ष तपासा. एका पांढऱ्या कागदावर ०.२, ०.३, ०.५ आणि १ मिमी जाडीच्या रेघा छापा, कागद अबटमेंटला सावलीच्या बाजूला चिकटवा, ठरवलेल्या अंतरावर ड्रोन स्थिर करून फोटो काढा आणि तिथेच लॅपटॉपवर मोठा करून बघा. फोनच्या पडद्यावर नको, त्यावर सगळंच चांगलं दिसतं. कागदावरची काळी रेघ मळकट काँक्रीटवरच्या भेगेपेक्षा कितीतरी ठळक असते, म्हणून ०.३ ची रेघ जेमतेम दिसत असेल तर प्रत्यक्षात ०.५ च्याच भेगा सापडतील असं धरा. हा चाचणीचा फोटो अहवालात पहिल्या पानावर लावा. आपली नजर कुठवर पोचली होती याचा तो पुरावा.

इशारा: चालत्या ड्रोनमधून फोटो नको. सेकंदाला एक मीटर वेग आणि १/५०० सेकंदाचं शटर असेल तर तेवढ्या वेळात कॅमेरा २ मिमी सरकतो. भेग त्यातच पुसली जाते. थांबा, दोन सेकंद स्थिर होऊ द्या, मग फोटो. व्हिडिओमधून फ्रेम काढून भेगा शोधण्याचा उद्योग तर करूच नका.

५. सेटिंग: सिग्नल गेला तर ड्रोनने काय करायचं

हा लेख वाचून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बहुतेक ड्रोनमध्ये कारखान्यातून येतानाच सेटिंग असं असतं की रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर जातो आणि मग घरी परततो. मोकळ्या शेतात उत्तम. पुलाखाली याचा अर्थ: संपर्क तुटला, ड्रोन सरळ वर, स्लॅबवर आपटून खाली पाण्यात. मी स्वतः असा एक ड्रोन घालवला आहे. खांबाच्या मागे गेला, पडद्यावर चित्र गोठलं, दोन सेकंदांनी वरून "टक्" असा छोटासा आवाज आला आणि मग पाण्याचा. मेमरी कार्ड दुसऱ्या दिवशी गळ टाकून बसलेल्या पोरांनी काढून दिलं.

तेव्हा पुलाखाली जाण्याआधी संपर्क तुटल्यावरचं वर्तन "जागीच थांब" असं करा. बॅटरी कमी झाल्यावर आपोआप परतण्याची सूचनाही तपासा. ती रद्द करण्याची सोय कुठल्या बटणावर आहे हे पायलटला न बघता सांगता आलं पाहिजे. पुलाखालचं काम संपवून मोकळ्यात आलात की सेटिंग पुन्हा पूर्ववत. दोन्ही वेळा नोंद घेणारा मोठ्याने विचारेल आणि पायलट मोठ्याने उत्तर देईल. नाटकी वाटलं तरी चालेल.

पुलाखाली आणखी तीन फसवणुका होतात. जीपीएस गेल्यावर ड्रोन खालच्या कॅमेऱ्याने जमीन बघून स्थिर राहतो. खाली वाहतं पाणी असेल तर त्याला वाटतं आपणच सरकतोय, आणि तो पाण्याबरोबर वाहायला लागतो. अंधारात हे सेन्सर काम सोडतात. आणि दोन खांबांमध्ये वारा चेपून जोरात वाहतो, त्याने ड्रोनचा उंचीचा अंदाज वरखाली होतो. म्हणून स्लॅबपासून निदान दोन मीटर खाली, खांबापासून तीन मीटर दूर, आणि पायलटची बोटं सतत दांड्यांवर. पुढचे अडथळा-सेन्सर चालूच ठेवा. "जवळ जाऊ देत नाही म्हणून बंद केले" हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात फार ऐकू येतं.

कॅमेऱ्यात: फोटो रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) आणि जेपीजी दोन्ही, फोकस प्रत्येक भागावर नव्याने, आणि एक्स्पोजर गर्डरवर लॉक. आपोआप ठेवलं तर मागचं उजळ आकाश बघून कॅमेरा गर्डर काळाकुट्ट करतो. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि नोंद घेणाऱ्याचं घड्याळ मिनिटासकट जुळवून घ्या.

६. महिना आणि वेळ

वर्षातून दोनदा: पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, पाणी सगळ्यात कमी असताना, आणि नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुराने काय केलं ते बघायला. मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दुपारी पारा चाळिशीपार असतो आणि बऱ्याच ड्रोनची मर्यादा ४० अंशांचीच असते. बॅटऱ्या गाडीत ठेवू नका, सावलीत ओल्या फडक्याशेजारी ठेवा. फडक्यात गुंडाळून नको.

वेळ पुलाच्या दिशेवर ठरवा. देशावरच्या मोठ्या नद्या साधारण पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, तेव्हा त्यांच्यावरचे पूल बहुधा उत्तर-दक्षिण. सकाळी सूर्य खाली असताना पूर्वेकडून तिरपा उजेड थेट स्लॅबच्या पोटापर्यंत जातो. तो तास-दीड तास सोन्याचा. उरलेली बाजू संध्याकाळी. दुपारी बारा वाजता पुलाखाली मिट्ट काळोख आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन, त्या वेळी फक्त वरचा डेक, म्हणजे वाहनं जातात तो भाग, बघा.

सकाळच्या उजेडात एक गंमत होते. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या नागमोडी रेषा गर्डरवर हलत असतात आणि एकाच फोटोत त्या अगदी भेगांच्या जाळ्यासारख्या दिसतात. उपाय: प्रत्येक जागेचे दोन फोटो, तीन-चार सेकंदांच्या अंतराने. जी रेघ हलली ती प्रकाशाची.

७. उड्डाण: कशानंतर काय

माणसं तीन. पायलट फक्त ड्रोनकडे बघणार. दुसरा पडद्याकडे बघून फोटो सांगणार आणि वहीत लिहिणार. तिसरा समोरच्या काठावर किंवा पुलावर, पक्षी, तारा, माणसं, गुरं यांच्यावर लक्ष ठेवायला. दोघांत भागवलं की पायलट पडद्यात डोकं घालतो, आणि ड्रोन नजरेआड होतो.

पहिली फेरी, ओळखीची. दोन्ही बाजूंनी, पुलापासून १५ ते २० मीटरवर, कठड्याच्या उंचीला, अ१ पासून अ२ पर्यंत. प्रत्येक गाळ्याचा एक फोटो. मग पुलाच्या एका टोकाला, कठड्याच्या रेषेत कॅमेरा धरून एक फोटो घ्या. सरळ असायला हवी ती रेषा एखाद्या खांबावर खचलेली किंवा मोडलेली दिसली तर बाकीचं काम थांबवून आधी तिथे जा.

दुसरी फेरी, पात्र. ही बरेच जण विसरतात. वर चढून पुलाच्या दोन्ही अंगांना शंभर-दीडशे मीटर पात्राचे फोटो. वाळू उपशाचे खड्डे खांबाच्या जवळ आले आहेत का, प्रवाह एका काठाला घासतोय का, खांबांना पुराची झाडं अडकली आहेत का, पायाभोवतीची दगडांची पिचिंग (रचलेलं अस्तर) वाहून गेली आहे का. पाया पूर्वीपेक्षा जास्त उघडा पडलेला दिसला तर जुन्या फोटोशी तुलना हवी, म्हणून दर वेळी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून घ्या.

तिसरी, बेअरिंग आणि खांबांची डोकी. उजेड चांगला असतानाच. ड्रोन खांबाच्या डोक्याच्या पातळीला, पुलाच्या बाहेर, झूमने आत बघायचं. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, प्रत्येक वेळी किंचित तिरपं उभं राहून. बघायचं काय: रबराचं बेअरिंग एका बाजूला फुगलंय का, लोखंडी रोलर कलून तसाच अडकलाय का, आसपास माती-गवत साठलंय का, वरच्या जॉइंटमधून पाणी ठिबकून खांबाच्या डोक्यावर काळे ओघळ आलेत का. जॉइंट गळतो तिथे बेअरिंग कुजतं, हे जवळजवळ पाठच करून ठेवा. मधल्या गर्डरची बेअरिंग बाहेरून दिसत नाहीत. लांब काठीवर कॅमेरा लावून किंवा शिडीने बघा, नाहीतर तिसऱ्या रकान्यात खूण.

चौथी, गर्डर आणि स्लॅबचं पोट. बॅटरी नवी, पाचव्या पायरीतलं सेटिंग बदललेलं. बहुतेक छोट्या ड्रोनचा कॅमेरा क्षितिजाच्या वर वीस-तीस अंशच वळतो, म्हणजे डोक्यावर सरळ बघता येत नाही. मग गाळ्याच्या बाहेर, खालच्या पातळीला थांबून तिरपं वर बघायचं. दोन्ही बाजूंनी, कारण गर्डरची आतली बाजू समोरच्या बाजूनेच दिसते. एका गाळ्यात निदान तीन जागा: दोन्ही टोकं आणि मध्य. टोकांना तिरप्या भेगा शोधा, मध्यावर खालून वर जाणाऱ्या उभ्या, आणि गर्डरच्या लांबीला समांतर, सळईच्या रेषेत धावणाऱ्या गंजाच्या. पांढरे क्षार म्हणजे स्लॅबमधून पाणी झिरपतंय. एका गाळ्याला साधारण एक बॅटरी लागते, हा माझा हिशेब. ३० टक्क्यांवर उतरवा, "एवढा एक फोटो" म्हणून थांबू नका.

खरोखर गाळ्याच्या आत शिरायची गरज असेलच तर वारा पडलेला असताना, सरळ रेषेत आत, त्याच रेषेत बाहेर. खांबाला वळसा नाही.

पाचवी, खांब. वरून खाली, चारही बाजू. पाण्याच्या रेषेजवळचा फूट-दोन फूट पट्टा नीट घ्या, ओलं-सुकं होऊन तिथेच सगळ्यात जास्त झीज असते. खांबाच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का? वरून चार पानं दिसतात, मूळ आत हातभर गेलेलं असतं.

शेवटी डेक. जॉइंट, खड्डे, तुंबलेली पाणी जायची भोकं, कठडे. खरं सांगायचं तर हे पायी चालून जास्त चांगलं दिसतं. वाहनांच्या डोक्यावरून ड्रोन नेऊ नका.

८. काठावरून निघण्याआधी

लॅपटॉप उघडा. यादी समोर ठेवा. प्रत्येक ओळीला निदान एक धारदार फोटो आहे का बघा, शंभर टक्के मोठा करून. धूसर असेल तर आत्ताच पुन्हा काढा, पुन्हा यायला दोन तास आणि नवी पोलीस पोच लागते. मग दोन वेगळ्या डिस्कवर प्रती. कार्ड पुसायचं ते कार्यालयात पोचल्यावर.

त्याच दिवशी फोन करा, अहवालाची वाट बघू नका, जर यातलं काही दिसलं: खचलेला किंवा कललेला खांब, जागेवरून सरकलेलं बेअरिंग, गर्डरच्या टोकाला उघड्या डोळ्यांनी दिसणारी तिरपी भेग, तुटलेल्या सळया, पायाखालून गेलेली जमीन. फोन उपअभियंत्याला, आणि त्याचबरोबर फोटोसह लेखी. वाहतूक थांबवायची की नाही तो निर्णय त्यांचा. कळवायला उशीर झाला तर तो तुमचा.

ड्रोन पडला, कुणाला लागलं, तर ४८ तासांत डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवणं बंधनकारक आहे.

९. फोटोंचं करायचं काय

फोल्डर भागांप्रमाणे, तारखेप्रमाणे नाही: ख२ च्या आत ख२-डावी, ख२-उजवी, ख२-डोकं. वहीतल्या वेळेवरून फोटो वाटून घ्या. फाइलचं नाव बदलताना मूळ क्रमांक पुसू नका, शेवटी राहू द्या.

दोष लिहिताना नुसतं "भेग आहे" नको. असं लिहा: "ग३, गर्डर १, डाव्या बाजूला, ख२ पासून अंदाजे दीड मीटरवर, तिरपी भेग, लांबी सुमारे ६०० मिमी, रुंदी फोटोवरून मोजलेली नाही." लांबी कशी काढली? खांबाची रुंदी टेपने मोजलेली असते, तिच्याशी तुलना करून. भेगेची रुंदी फोटोवरून ठामपणे देऊ नका. क्रॅक गेज (भेगेची रुंदी मोजायचं साधन) घेऊन कुणीतरी चढलं तरच ती द्या. कुठे चढायचं हे मात्र आता ठाऊक आहे, आणि माणसाला पुलाखाली नेणारी तपासणीची गाडी एका दिवसासाठी मागवली तर ती पंधरा गर्डरऐवजी तीन गर्डरांपाशी लावता येते.

आपोआप भेगा शोधणारी सॉफ्टवेअर मिळतात. वापरा, पण त्यांनी दाखवलेली प्रत्येक रेघ माणसाने बघा. शटरिंगच्या फळ्यांचे जोड, मुंग्यांची रांग, कोळ्याचं जाळं, सगळं त्यांना भेग वाटतं. उलट चुन्याने रंगवलेल्या कठड्याखालची खरी भेग त्यांच्या हातून सुटते.

अहवालात दोन तक्ते. पहिला दोषांचा. दुसरा "दिसलं नाही" चा, कारणासकट आणि पुढे कसं बघायचं त्या सूचनेसकट: "ग४, मोहोळ, काढल्यावर पुन्हा पाहणी", "बेअरिंग ख१ ते ख४, गर्डर २, ड्रोनच्या नजरेआड, शिडीने", "ख३ चा पाया, पाण्याखाली, पाणबुडे". दुसरा तक्ता रिकामा असलेला अहवाल माझ्याकडे आला की मी आधी फोटो मोजतो.